एका मीटरवर दोन घरं

माझी सगळी नोकरी वीजचोर पकडण्यात गेली. तारेवर आकडा टाकणारे, मीटरला चुंबक लावणारे, शेजाऱ्याच्या मीटरवर गुपचूप आपलं घर चालवणारे, सगळे मी पाहिले. माणूस कितीही गोड बोलला तरी मीटर खोटं बोलत नाही, असं मी नव्या पोरांना सांगायचो. निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेबांनी हेच वाक्य स्वतःचं म्हणून खपवलं. हे सगळं सांगायचं कारण, माझ्याच घरात, माझ्या नाकासमोर कित्येक महिने अशी चोरी चालली होती आणि मला पत्ता नव्हता. चोर होती माझी बायको, चारुशीला.

सांगलीत विश्रामबागेत ई-रीडरचं नवं दुकान निघालं, तेव्हा आम्ही दोघं तिथं गेलो. मोतीबिंदू काढल्यापासून चारूला बारीक टाइप त्रास देत होता आणि माझ्या हातांना जाड कादंबरी पेलवत नव्हती. दुकान कसलं, डोळ्यांचा दवाखानाच होता तो. ओवी तांबोळी नावाची चुणचुणीत मुलगी समोर बसली. गिऱ्हाइकाचे डोळे मोजून त्याला साजेसा रीडर देणं हे तिचं काम. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "काका, वाचनाची तुमची गरज काय?"

"डोळे उघडे ठेवणं," मी म्हणालो. "टीव्हीपुढं झोप लागते."

चारूने मला कोपराने ढोसलं. ओवी हसली आणि समजावून सांगायला लागली.

"आपल्याला वाटतं, वाचताना डोळा ओळीवरून घसरत जातो. तसं नसतं, काका. तो उड्या मारतो. एका शब्दावर क्षणभर टेकतो, मग पुढं झेप घेतो. मधले शब्द बघतच नाही, कारण ते काय असणार हे डोक्याने आधीच ओळखलेलं असतं. 'सूर्य पूर्वेला' एवढं वाचलं की 'उगवतो' वाचायला कोण थांबतंय? कधी चुकलं की डोळा मागं येतो, खात्री करतो, परत पुढं जातो. ही उड्यांची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी असते."

रीडरच्या चौकटीत एक बारीक कॅमेरा होता. आपल्याला न दिसणारा प्रकाश टाकून तो या उड्या टिपायचा आणि त्याप्रमाणे अक्षरांचा आकार, ओळींची लांबी, मधली मोकळी जागा हळूहळू बदलत जायचा. वाचणाऱ्याला कळायचंही नाही. "आणि एखाद्या नावापाशी अडखळून तुम्ही मागं जायला लागलात," ओवी म्हणाली, "तर समासात फिक्या अक्षरांत टीप येते. ही बाई कोण, मागं कुठं भेटली होती, असं."

"म्हणजे लोड बघून पुरवठा," मी म्हणालो.

"तसंच काहीसं," ती म्हणाली. मुलगी भिडस्त होती.

तिने आम्हा दोघांना एकेक पान वाचायला लावलं. माझं झालं आणि चारूचं सुरू होतं, तेवढ्यात रखवालदार वर आला. माझी स्कूटर कुणाच्या तरी गाडीला आडवी आली होती. मी खाली गेलो, त्या गाडीवाल्याशी मनसोक्त भांडलो, तिथंच उसाचा रस प्यालो आणि वर आलो, तर दोघी गप्प बसलेल्या.

"एकच घेऊ," चारू म्हणाली.

मी चाट पडलो. घरून निघताना दोन घ्यायचे असं तिनेच ठरवलं होतं.

"काकू, मी म्हणाले त्याचा विचार करा," ओवी चारूकडेच बघत म्हणाली. "एका रीडरवर दोघं वाचलात तर त्याला तुम्ही दोघं मिळून एकच माणूस वाटणार. डोळ्याची ओळख साठवायला कायद्याने बंदी आहे. आम्ही हालचाल तेवढी साठवतो, ती कुणाची ते त्याला कळत नाही."

"वाटू दे की," चारू म्हणाली. "इतकी वर्षं संसार झाला, आता एकच माणूस म्हटलं तरी चालेल."

घरी येईपर्यंत मी तिला चिक्कू म्हणून चिडवत होतो.

आमचं वाचन मजेत सुरू झालं. सात पिढ्यांची एक भलीमोठी कादंबरी आम्ही लावली. दुपारच्या चहानंतर मी वाचायचो, माझं झालं की तीच पानं ती वाचायची आणि जेवताना आम्ही त्या सुभेदार घराण्यावरून कडाकडा भांडायचो. इतकं बोलणं आमच्यात कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मला वाटायचं, लोक उगाच या यंत्रांना नावं ठेवतात.

त्याच सुमारास चारूला भलतीच खुळं लागली. शेजारच्या हिरेमठ सरांकडे जाऊन मी कानडी शिकायचं असं तिने ठरवून टाकलं. या वयात कानडी! का, तर बेळगावला तिच्या बहिणीकडे गेल्यावर बाजारात उपयोग होतो म्हणे. मंडईतही चालत जायचं, स्कूटरला हात लावायचा नाही. मी कुरकुरत ऊट म्हणजे जेवण, नीरु म्हणजे पाणी, मने म्हणजे घर असं घोकायचो, हिरेमठ सर मिश्या हलवत माझे उच्चार सुधारायचे.

समासात टिपा यायला लागल्या, त्या तेव्हापासूनच. आधी एखाद्या पानावर, मग पानोपानी. 'भागीरथी: सुभेदारांची धाकटी बहीण.' अर्थातच त्या चारूसाठी होत्या.

"तुझी भागीरथी परत आलीय बघ समासात," मी चिडवायचो.

"नावं राहतच नाहीत हो माझ्या लक्षात हल्ली," ती म्हणायची.

मग एके दिवशी ती भाजी आणायला गेली असताना मी रीडर उघडला आणि कादंबरीच्या आधी एक सूचना समोर आली. 'गेल्या काही महिन्यांत आपल्या वाचनाच्या पद्धतीत बदल आढळला आहे. कृपया स्मृतितज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.' खाली आलेख होता. हिरव्या पट्ट्यातून निघालेली एक रेघ वर केशरी पट्ट्यात चढत गेलेली.

मी मदतीची पानं उघडून वाचली. निरोगी डोकं पुढचा शब्द आधीच ओळखतं, म्हणून डोळा त्याच्यावरून उडी मारतो. स्मृती झिजायला लागली की आधी ही ओळख जाते. मग डोळा 'उगवतो'वरही टेकतो, मागं जातो, नुकतंच वाचलेलं पुन्हा शोधतो. हे माणसाला स्वतःला किंवा घरच्यांना जाणवायच्या कितीतरी आधी डोळ्यांत दिसतं.

माझे मोठे भाऊ, अण्णा, याच दुखण्याने गेले. डॉक्टरांनी निदान सांगितलं आणि त्याच दिवसापासून घरच्यांनी त्यांच्या हातातून एकेक वस्तू काढून घेतली. आधी गाडीची किल्ली, मग बँकेचं काम, मग शेगडी. अजून सगळं कळत होतं त्यांना, पण त्यांना काही विचारायचं लोकांनी सोडून दिलं. अण्णांनीही मग पुस्तक हातात घेतलं नाही, दिवसभर खिडकीत बसून राहायचे. आता चारू. माझी चारू तशी खिडकीत बसणार, या कल्पनेनेच मला भडभडून आलं. सूचना मी पुसून टाकली. तिला कळता कामा नये.

स्वतःचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

त्यानंतर मला घरात चैन पडेना. मी तिच्यावर पाळत ठेवायला लागलो. दूध उतू गेलं की मी धावत स्वयंपाकघरात जायचो. हिरेमठांच्या सुनेला, स्मिताला, तिने एकदा सविता अशी हाक मारली, तर मी उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो. सगळ्यांत वाईट म्हणजे, ती एकच प्रकरण दोनदा वाचायची. मी दाराआडून पाहिलं होतं. काल वाचलेलं आज पुन्हा पहिल्यापासून, भराभरा, ओठ घट्ट मिटून. या काळजीत एकदा मी तिची नजर चुकवून नेलेली स्कूटर मंडईतच विसरून रिक्षाने घरी आलो. काळजीने होतं माणसाचं असं. मी ते हसत सांगितलं, पण चारू हसली नाही. पायात चप्पल घालून ती स्वतः जाऊन स्कूटर घेऊन आली.

शेवटी माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. दुखणं किती पुढं गेलंय ते मला नेमकं हवं होतं, म्हणजे डॉक्टरशी बोलता आलं असतं. पण आलेखात आम्ही दोघं कालवलेले. एका मीटरवर दोन घरं असल्याचा संशय आला की आम्ही एक करायचो. एका घराचा फ्यूज काढायचा आणि मीटर बघत बसायचं. राहिलेल्या घराचा खप कळला की दुसऱ्याचा आपोआप कळतो. म्हणजे चारूला थोडे दिवस बाहेर पाठवायचं, मी एकट्याने वाचायचं आणि रेघ हिरव्यात किती खाली येते ते बघायचं.

तिच्या बहिणीचा, वृंदाचा, बेळगावात गुडघा बदलला होता. वृंदा रोज फोन करून बोलावत होती आणि चारू रोज काही ना काही सबब सांगत होती. मी भरीस घातलं, बसचं तिकीट काढलं. निघताना पाहतो तर तिच्या पिशवीत रीडर.

"प्रवासात वाचायला," ती म्हणाली.

"बसमध्ये तुला मळमळतं. ठेव इथं."

"मग तुम्ही आठवडाभर कादंबरी वाचू नका. आपण दोघं बरोबरीने वाचतोय ना? कानडी करा."

"चारू, बस जाईल."

तिने रीडर टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर हात तसाच राहू दिला. तिला जाववत नव्हतं. मला वाटलं, बिचारीला पुस्तकाचं केवढं वेड. मी तिला स्टँडवर सोडून आलो आणि आल्या आल्या वाचायला बसलो.

रेघ खाली आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती वर सरकली. समासात टिपांची गर्दी झाली. प्रत्येक नावापाशी टीप, कुठं कुठं दोन दोन. मला राग आला. बाई बेळगावात आहे आणि हे यंत्र अजून तिच्यासाठी टिपा देतंय! 'भागीरथी: सुभेदारांची धाकटी बहीण.' अरे ठाऊक आहे मला, असं मी मोठ्याने म्हणालो. मग सहज, गंमत म्हणून, मी डोळे मिटले आणि स्वतःला विचारलं, भागीरथी कोण?

सुभेदारांची... बायको? सून? नुकतंच वाचलं होतं. टीप अजून समोर होती, फक्त डोळे उघडायचे होते. मी उघडले नाहीत. मी बराच वेळ तसाच बसून त्या बाईला शोधत राहिलो आणि ती काही केल्या सापडेना.

मग मी उठलो. व्हरांड्यात गेलो, परत आलो, पंखा लावला, बंद केला. मीटर बिघडलाय, मी म्हटलं. तशी शक्यता असते. बिघडलाय की नाही ते बघायचं तर त्याच्यावर ओळखीचा लोड टाकायचा. मी रीडर घेऊन हिरेमठांकडे गेलो आणि स्मिताला म्हटलं, "जरा अर्धा तास वाचशील का? डोळे तपासायचेत याचे."

"यंत्राचे डोळे?" ती हसली आणि पोळ्यांचं पीठ झाकून वाचायला बसली. निरोगी, तरुण, हुशार मुलगी. अर्ध्या तासात रेघ सरळ खाली हिरव्याकडे वळली.

मीटर चांगला होता.

मी तिथं सोफ्यावर बसून त्या खाली आलेल्या रेघेकडे बघत होतो आणि हळूहळू सगळं समोर यायला लागलं. अर्धा तास दुसऱ्या डोळ्यांनी वाचलं की रेघ खाली येते. माझं वाचून झालं की तीच पानं वाचणारी चारू. एकच प्रकरण दोनदा वाचणारी, भराभरा, ओठ घट्ट मिटून. कानडी. मंडईपर्यंत चालणं. रीडरवर ठेवलेला तो हात. मीटरला चुंबक लावला होता तो माझ्या बायकोने, आणि आयुष्यभर चुंबक शोधणारा मी तिला चिक्कू म्हणत होतो.

स्मिताने विचारलं, "काका, पाणी देऊ?" मी नको म्हटलं आणि घरी येऊन बेळगावला फोन लावला.

"चारू, तुला कधीपासून माहीत आहे?"

पलीकडे वृंदाच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"दुकानातच," ती म्हणाली. "तुम्ही स्कूटरवरून भांडायला खाली गेलात तेव्हा. ती मुलगी म्हणाली, काकांना तज्ज्ञांकडे न्या."

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती आली, तोवर माझा राग चांगला तापला होता. पिशवी खांद्यावरून उतरायच्या आत मी सुरुवात केली. "लवकर कळलं तर गोळ्यांचा उपयोग होतो, हे अडाणी माणसालासुद्धा माहीत आहे. तू शिकलेली. तीस वर्षं शाळेत शिकवलंस. माझे महिने चोरलेस तू!"

"डॉक्टरांकडे जाऊन आले मी. एकटी," ती म्हणाली. "ते म्हणाले, माणसाला न सांगता तपासणी नाही आणि गोळीही नाही. चालवा, नवीन काही शिकवा, एवढं करता येईल म्हणाले. म्हणून कानडी. सूचना आधी दोनदा आली होती, ती मी पुसली. दिवाळी झाली की सांगू म्हटलं. मग संक्रांत. मग पाडवा."

"पण का? सांगायचं का नाही?"

"तुम्हीच म्हणाला होतात, सांगू नकोस."

"मी? कधी?"

"अण्णाभावजींच्या तेराव्याहून येताना. कराडच्या स्टँडवर, चहा पीत होतो आपण. तुम्ही म्हणालात, मला असं काही झालं तर चारू, मला कळू देऊ नकोस. जेवढे दिवस शहाणा आहे तेवढे शहाण्यासारखे जगू दे. हातात हात घेऊन वचन घेतलंत."

मी आठवायचा प्रयत्न केला. तेरावं आठवत होतं, कराडचा स्टँड डोळ्यांसमोर होता, चहाचा कळकट कपसुद्धा आठवला. वचन मात्र कुठंच नव्हतं. मोठ्या दुःखात माणूस काहीबाही बोलतो आणि विसरतो, तसं विसरलो असेन, किंवा हेही त्या दुखण्यातलंच असेल. यापुढं प्रत्येक विसरण्याला हा प्रश्न चिकटून येणार, हे तिथं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मला कळलं आणि मला फार भीती वाटली. मी तिला तसं सांगितलं. मग ती रडली. इतके महिने तिने रडणं कुठं ठेवलं होतं कोण जाणे.

तपासण्या झाल्या. ओवीचं म्हणणं खरं निघालं. गोळ्या सुरू झाल्या. त्याने रेघ खाली येणार नाही, चढण मंद होईल, असं डॉक्टर म्हणाले. मी समजलो. जुन्या तारा बदलता येत नसतील तर लोड सांभाळून वापरायचा.

एक दिवस आम्ही पुन्हा विश्रामबागेत गेलो, या वेळी रिक्षाने. ओवीने मला बघितलं आणि ती उभी राहिली.

"माझा वेगळा मीटर हवाय," मी म्हणालो. "हिचा वेगळा, माझा वेगळा. माझ्या सूचना मलाच आल्या पाहिजेत."

ती आत जाऊन दोन रीडर घेऊन आली. "यातला हा जास्त सांभाळून घेणारा आहे, काका. अवघड वाक्यं सोपी करतो, एका पात्राचे प्रसंग जवळजवळ आणतो, टिपा इतक्या अलगद देतो की तुम्हाला अडखळल्यासारखं वाटणारच नाही. पुष्कळांच्या घरचे लोक हाच नेतात." मग तिने पहिल्या वेळचाच प्रश्न विचारला, पण हळू आवाजात. "तुमची गरज काय आहे?"

या वेळी मला विनोद सुचला नाही. "अडखळलो तर मला कळलं पाहिजे," मी म्हणालो. "दुसरा दाखव. साधा. अक्षर मोठं चालेल. टिपा बंद कर."

"टिपांशिवाय जड जाईल, काका. कोण कुठलं पात्र, ते..."

"ते मी हिला विचारीन."

ओवीने चारूकडे बघितलं. "रोज विचारावं लागेल, काकू. पुढं पुढं तेच तेच."

"मी भूगोल शिकवलाय," चारू म्हणाली. "तेच तेच सांगायची सवय आहे मला."

रिक्षात मी तिच्याकडून एक वचन घेतलं. कराडचं आता रद्द. आता नवीन. मी काहीही विचारलं तरी खरं सांगायचं, माझं मन राखायचं नाही. तिने मान हलवली. मी म्हटलं, मान हलवून चालणार नाही, बोल. ती म्हणाली, खरं सांगेन.

आता आम्ही दोघं व्हरांड्यात समोरासमोर बसून वाचतो. माझ्या समासात काही येत नाही, तो स्वच्छ पांढरा असतो. कादंबरी अजून तिसऱ्या पिढीतच आहे आणि माझी गती फार कमी झाली आहे. चारू कधीच पुढं निघून गेली असती, पण ती माझ्यासाठी थांबून बसते.

काल वाचता वाचता मी अडलो. मागं गेलो, पुढं आलो, पुन्हा मागं गेलो. शेवटी मान वर केली.

"भागीरथी कोण गं?"

"सुभेदारांची धाकटी बहीण. नदीकाठच्या घरात एकटी राहते ती."

"हां, हां." मी पुन्हा खाली बघितलं, पण डोळे ओळीवर टेकेनात. मनात आलेलं विचारावं की विचारू नये कळेना. मग विचारलं.

"मी हे काल विचारलं होतं का?"

चारूने रीडर मांडीवर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर 'नाही' आलेलं मला दिसलं. ओठांपर्यंत आलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"हो," ती म्हणाली. "परवाही."

"बरं," मी म्हणालो आणि वाचायला लागलो.